सारसाची मारबत

मु. सिंदीटोला, मार्गे करडी,
ता. मोहाडी, जि. भंडारा
गणपती बसायच्या आदल्या दिवशी

ती. सौ. दामिनीताईस,

धाकट्या प्रविणचा वाकून नमस्कार. धर्मेंद्र भाऊजींनाही सांग, पण त्यांना उठून उलट नमस्कार करू देऊ नकोस, कारण नवा गुडघा बसवून अजून फार दिवस झालेले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना जन्मभर मांडी घालून बसायला मनाई केली, हे ऐकून आईला फार वाईट वाटलं. माणूस मांडी न घालता जेवतो कसा आणि जेवलाच तर ते अंगी लागतं का, असं ती दोन दिवस भेटेल त्याला विचारत होती. टीनाला आशीर्वाद. तिच्या नव्या नोकरीत दुपारचं जेवण मिळतं की डबा न्यावा लागतो, हे चंदाने मुद्दाम विचारायला सांगितलं आहे. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आई ठणठणीत आहे, चंदा माझ्याशी फक्त स्वयंपाकापुरतं बोलते, आणि मी सध्या गावात मागच्या गल्लीने फिरतो.

तू म्हणशील, घरोघरी फोन असताना हा पत्र काय लिहीत बसला! ताई, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'हॅलो' म्हटलं की तू 'आता काय घोळ घातलास?' म्हणतेस. (घोळ घातलेलाच असतो, ही गोष्ट वेगळी. पण माणसाला तिथपर्यंत आपल्या चालीने पोचू द्यावं.) पत्रात तू मधे कितीही ओरडलीस तरी मला ऐकू येणार नाही आणि माझं सांगून होईल. म्हणून पंखा लावून, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन सावकाश वाच.

तुला माहीत नसेल, पण तुझा भाऊ आता अध्यक्ष आहे. झालं असं, की ग्रामसभेत गावाच्या जैवविविधता समितीसाठी अध्यक्ष निवडायचा होता. सरपंच शकुनबाईंनी विचारलं, "कोन होते अध्यक्ष?" नेमक्या त्याच वेळी माझ्या पायाला मुंग्या आल्या म्हणून मी उठून उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. मी पाय झटकून खाली बसलो तोवर ठराव लिहूनही झाला होता. मग तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. मी आपला जेवण चांगलं असतं म्हणून गेलो होतो, आणि जेवण खरंच चांगलं होतं (वांग्याची भाजी, वडे, शिवाय बुंदी), पण जेवणाआधी एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. आपल्या भागातून काय काय कमी होत चाललं आहे त्याची. गिधाडं, तलावातले देशी मासे, कासवं, बेडूक. सारस तर म्हणे आपल्या नि गोंदियाच्या बाजूला बोटांवर मोजण्याइतके उरले. ताई, येताना बसमध्ये मला एकच आठवत राहिलं. आपण लहान असताना गावाबाहेरच्या माळावर मेलेल्या ढोरावर गिधाडं भांडायची आणि तू मला त्यांच्या नावाने भीती घालून दूध प्यायला लावायचीस, आठवतं? आताच्या पोरांना दूध पाजायला गिधाड उरलेलंच नाही. मला खरंच वाईट वाटलं. अध्यक्षपद अपघाताने मिळालं होतं, पण ते वाईट वाटणं अपघाती नव्हतं, एवढं तुझ्या या भावाबद्दल मनात ठेवून पुढे वाच.

तर यंदा धानाची रोवणी आटोपली आणि राखीच्या जरा आधी आपल्या बोडीच्या तळ्याखालच्या भाताच्या बांधीत सारसाची जोडी उतरली. माणसाच्या खांद्याला लागतील एवढे उंच, राखाडी अंग, वर लालभडक मान, आणि चाल अशी की दोघंही पंचायतीची पाहणी करायला आले आहेत. आपल्या गावात सारस उतरल्याचं फक्त आईला आठवतं, तेही ती नवी नवरी असतानाचं. दोघांनी दोन-तीन दिवस बांधीत फिरून जागा पाहिली. मग बांधीच्या मधोमध नुकतंच रोवलेलं धान मुठीमुठीने उपटून त्याचा भला मोठा ढीग घातला, आणि त्या ढिगावर मादीने दोन अंडी दिली.

कोणती बांधी, असं तू इथे ओरडलीस, ते मला न ऐकताही कळलं. होय ताई, तीच. दरवर्षी जिचं चिन्नोर फक्त तुझ्याकडे येतं, जिचा भात शिजला की तुझ्या नागपूरच्या शेजारणी दार लोटून आत येतात आणि तू 'आमच्या माहेरचा' म्हणून सांगतेस, तीच बांधी. शिवारात एवढ्या बांध्या असताना त्यांना हीच का आवडली, ते मी सांगू शकत नाही. वासाचं धान माणसालाच कळतं असं थोडंच आहे.

आईला हे कळलं तेव्हा तिने काठी उचलली. "माह्या पोरीचं धान उपटून राहिले, थांब पाहतो त्याईले," असं म्हणत ती तरातरा निघाली. मी मागे धावलो. बांधावर पोचली, काठी उगारली, आणि मादी अंड्यांवरून हललीच नाही. नुसती मान उंच करून आईकडे बघत बसली. आईही तिच्याकडे बघत उभी राहिली. दोघींत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण आईने काठी खाली ठेवली, लुगड्याचा पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "थे बाळंतपणाले आली हाय बापू. दारात आलेल्या बाळंतिणीले कोनी हाकलते काय?" त्या दिवसापासून आई रोज जेवणाचा डबा घेऊन बांधावर बसते. नर चरायला गेला की ती त्याच्या नावाने बोटं मोडते, म्हणते याचं बायकोकडे लक्ष नाही. मी सांगून पाहिलं की सारसांत नरही अंड्यांवर बसतो, तर म्हणाली, तुझ्या बापाला सांगायला पाहिजे होतं.

पण ताई, गाव म्हणजे गाव. कुणी म्हणे, आज एका बांधीत बसले, उद्या साऱ्या शिवारात बसतील. कुणी म्हणे, फवारणी केली की आपोआप जातील. नत्थूचा काका तर एक अंडं आणून कोंबडीखाली ठेवून बघावं म्हणत होता, म्हणजे गावाला घरचा सारस होईल. मला झोप लागेना. पिल्लं निघेपर्यंत ती अंडी कोण सांभाळणार? आई कुत्री हाकलेल, पण माणसं कशी हाकलणार? तेव्हा मी ठरवलं की जनजागृती करायची. प्रशिक्षणात तो शब्द फार वेळा आला होता.

आता माझी चूक सांगतो. जनजागृती म्हणजे फेरी, आणि फेरीला गर्दी पाहिजे. आपल्या गावात सारं गाव भल्या सकाळी एका जागी येतं असा दिवस कोणता? पोळ्याचा दुसरा दिवस. मारबतीचा! पोरांना सुट्टी, बायाबापड्या दारात, म्हातारे पारावर. आयती गर्दी. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. चंदा म्हणाली, "त्या दिवशी गावातून जे बाहेर निंगते थे परत येत नाई. तुम्हाले दुसरा दिवस भेटला नाई काय?" मी तिला म्हणालो, तू जुन्या विचारांची आहेस. (हे वाक्य मी घरात आता वापरत नाही.)

मग फेरीत एक मोठा सारस असावा असं मला वाटलं. बनवणार कोण? नत्थू. आणि नत्थू गेली कित्येक वर्षं शिवेवर जाळायची गावाची मारबत बनवतो. त्याला मी चित्र दाखवलं, लाल मान समजावली, लांब पाय समजावले. नत्थूने बांबू उभे केले, तणस भरलं, आईचं जुनं राखाडी लुगडं वरून गुंडाळलं, मानेला चंदाचं लाल पोलकं चढवलं. (विचारलं नव्हतं. हेही तिच्या रागाचं एक कारण आहे.) सारस ऐटबाज झाला, पण नत्थूच्या हाताला जी सवय ती सवय. चेहरा करताना त्याने डोळे वटारलेले केले, जीभ बाहेर काढली आणि पोटात, मला न सांगता, फटाक्यांच्या लडी भरल्या. दरवर्षी भरतो म्हणून यंदाही भरल्या.

सकाळी फेरी निघाली. पुढे वाजंत्री, मधे नत्थूच्या खांद्यावर सारस, मागे शाळेची पोरं हातात पुठ्ठे घेऊन, आणि पुठ्ठ्यांवर मी रंगवलेले कासव, बेडूक, गिधाड, घोरपड. (घोरपडीला सगळे मगर म्हणत होते, पण असो.) माझ्या हातात भोंगा. मी मोठ्याने म्हणालो, "आपला सारस!" आणि पोरांनी ठरल्याप्रमाणे 'वाचवा, वाचवा' म्हणायचं होतं. ताई, तू पण या गावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वाजंत्री वाजत असताना, बांबूची आकृती खांद्यावर बघितल्यावर आपल्या गावच्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? सारं गाव एका सुरात ओरडलं, "घेऊन जा गेऽऽ मारबत!"

मी भोंगा थांबवून समजावलं. पुन्हा म्हणालो, "तलावातलं कासव!" गाव म्हणालं, "घेऊन जा गेऽऽ मारबत!" बेडूक घेऊन जा, गिधाड घेऊन जा, घोरपड घेऊन जा. एरवी आपण त्या दिवशी खोकला, ढेकूण, रोगराई सारं गावाबाहेर धाडतो. यंदा जे थोडंफार जिवंत उरलं आहे ते मी स्वतः भोंग्यावर यादी वाचून वेशीबाहेर धाडत होतो. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट सांगतो, पुढच्या वळणावर ठेका असा चढला की मीही हात वर करून ओरडलो. म्हाताऱ्या बायांनी दारांतून पळसाच्या फांद्या आणून सारसावर टाकल्या, लिंबू उतरवलं. शकुनबाईंनी तर नातवाचा खोकला त्याच्यासोबत पाठवला.

आणि फेरी शिवेवर पोचली. शीव कुठे आहे तुला ठाऊक आहे. बोडीची पाळ संपते तिथे. म्हणजे तुझ्या बांधीच्या अगदी उशाशी. मी धावत पुढे गेलो, "जाळू नका, जाळू नका!" म्हणून भोंग्यात ओरडलो, पण वाजंत्रीपुढे कोण ऐकतो! नत्थूने काडी लावली. तणस भडकलं, लुगडं पेटलं आणि मग त्या पोटातल्या लडी तडतडायला लागल्या. बांधीतून दोन्ही सारस एकदम उठले. केवढा तो आवाज ताई, रणशिंग फुंकल्यासारखा. पंख पसरून बोडीवरून गेले ते पलीकडच्या झाडांमागे दिसेनासे झाले. खाली ढिगावर दोन अंडी उघडी.

वाजंत्री बंद पडली. मग आईचा आवाज आला. ती बांधावरच होती. तिने कोणालाही शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "बाळंतीण उठवली तुमी. बरं वाटलं काय आता?" सारं गाव माना खाली घालून उभं राहिलं. मघापासून ज्याला गावाबाहेर जा म्हणून ओरडत होते तो खरोखरच गेला, हे सगळ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आलं. शकुनबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आपल्याच तोंडानं धाडलं गं माय." मला तर रडूच येत होतं. जन्मात एक चांगलं काम करायला निघालो आणि दोन अंडी माझ्यामुळे थंड होत होती.

आईने सगळ्यांना पाळीमागे बसवलं. पोरंसोरं, वाजंत्रीवाले, कोंबडीखाली अंडं ठेवू म्हणणारा नत्थूचा काका, सगळे चिखलात गुपचूप. आपल्या गावात एवढे लोक एवढा वेळ न बोलता बसलेले मी कधी पाहिले नव्हते, कुणाच्या मयतीलाही नाही. शकुनबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. जवळ गेलो तर त्या सारसणीला परत बोलावत होत्या, "ये गे बाई, आमचं चुकलं, ये." मग बाकीच्या बायाही हळूच म्हणायला लागल्या. ऊन वर आलं. अंड्यांवर ऊन पडलं की बरं की वाईट, यावर दोन म्हातारे खुणांनी भांडत होते.

आणि मग नर आला. उडत नाही, चालत. बांधाच्या धुऱ्याधुऱ्याने, थांबत, मान वळवत. मागून मादी. ढिगाजवळ आली, दोन्ही अंड्यांना चोच लावून पाहिलं, जरा फिरवली आणि पाय दुमडून बसली. टाळ्या वाजवायला सगळ्यांचे हात उठले होते, पण आईने असं काही पाहिलं की सगळे हात तिथेच थांबले. नत्थू दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होता.

तेव्हापासून बांधीभोवती पहारा आहे, आणि तो मला लावावा लागला नाही. जे फवारणी करा म्हणत होते ते आता बोडीवर कुणी मोटारसायकलचा हॉर्न वाजवला तरी अंगावर जातात. वाजंत्रीवाल्यांनी गणपतीची मिरवणूक या बाजूने आणायची नाही असं परस्पर ठरवलं. शकुनबाई सकाळी हळदीकुंकवाची चिमूट बांधावर ठेवून जातात. माझ्या भाषणाने यातलं काही झालं नसतं, हे मला मान्य आहे. पण तालुक्याला अहवाल पाठवताना मी 'जनजागृती फेरी अत्यंत परिणामकारक झाली' असंच लिहिलं आहे, आणि त्यात खोटं काय?

बाकी सगळं क्षेम. भाऊजींनी गुडघ्याचे व्यायाम चुकवू नयेत. तुम्हां सर्वांना आम्हां सर्वांचे यथायोग्य.

तुझा आज्ञाधारक (निदान पत्रात तरी) भाऊ,
प्रविण

ता. क. — चिन्नोरचं लिहायचं राहिलं. मधलं धान तर त्यांनी उपटलं, उरलेल्यात निंदायला आई कुणाला उतरू देत नाही. पिल्लं उडायला लागेपर्यंत कापणीही नाही. तेव्हा यंदा तुझा तांदूळ येणार नाही. मूठभर आला तर सत्यनारायणाच्या प्रसादापुरता.

आणखी ता. क. — खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. आई दिवसभर बांधावर मोठ्या तोऱ्यात बसते, पण तुझा फोन आला की चंदाला उचलायला लावते. काल मला म्हणाली, "पोरीच्या वाट्याचं पाखराले देऊन टाकलं मी. तिले काय तोंड दाखवू?" ताई, तू चिडणार असशील तर माझ्यावर चीड, मला सवय आहे. पण आईला फोन करून एवढं सांग की तुला चालतं. जमलं तर जरा हसून सांग.

तिसरा ता. क. — वर मी नम्रपणे जे मागितलं, त्याला नाही म्हणायची सोय आता तुला उरलेली नाही. नत्थूने बांधावर पाटी लावली आहे: 'ही बांधी सौ. दामिनीताई यांनी सारसांकरिता राखून ठेवली आहे.' वनखात्याचे साहेब येऊन गेले, त्यांनी पाटीचा फोटो काढला, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत शाल-श्रीफळ देऊन तुझा सत्कार ठरला आहे. दोन शब्द बोलावे लागतील. तुला आधीपासून सारसांची आवड होती, असं मी सांगून ठेवलं आहे.

शेवटचा ता. क. — पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं आणि तेवढ्यात महालक्ष्म्याही उठल्या. आज सकाळी आई बांधावरून धावत आली. या वयात ती धावते हे मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, मी सांगते ते जसंच्या तसं लिही. म्हणून लिहितो: "दामे, दोन्ही पिल्लं निंगाली. पिवळी हायत, आपल्या पायानं चालून राहिली. माय सुखरूप हाय. तुह्या वाट्याचं धान घेतलं त्याईनं, तवा आता तू मावशी झाली. रागावली असशील तं रागाव, पण पाह्याले ये. मावशी आल्याबिगर बारसं कसं करू?"